टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलताना: कोल्हापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडीचं मॉडेल दिलेलं नाही आणि गॅरेजांची नावं घेतलेली नाहीत. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. या कामात माझा भाग सल्ल्यापुरता आणि एक हत्यार उसनं देण्यापुरता होता. काम केलं दोघांनी: गाडी चालवणाऱ्या शिक्षिका आणि त्यांचे धाकटे दीर, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फिटर. पुढे त्यांना वहिनी आणि भाऊजी म्हटलं आहे, कारण काम चालू असताना ते एकमेकांना अशीच हाक मारत होते.

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. वय अकरा वर्षं, ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. रोजचा प्रवास घर ते शाळा, जेमतेम चार किलोमीटर. सुट्टी लागली की राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कणकवलीला माहेरी. इंजिन आडवं बसवलेलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारे जोडपाईप) मागच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याकडे. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या अगदी माथ्यावरचं झाकण. त्याच्या खाली व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट फिरते आणि तिथे सतत गरम ऑइल उडत असतं. झाकण आणि हेड (सिलिंडरांच्या वर बसणारा भाग) यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं. पेट्रोल पेटवणारे चार प्लग ज्या खोल भोकांत बसतात त्या विहिरी याच झाकणातून खाली जातात, म्हणून प्रत्येक विहिरीभोवती एक वेगळी रबरी रिंगही असते. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. काही वर्षांनी रबर कडक होतं, दाबून बसलेला आकार धरून ठेवतं आणि परत फुगून फट भरायची त्याची ताकद जाते. यात कोणाचा दोष नाही, वयाचा भाग आहे.

या गाडीत मात्र वयाखेरीज आणखी एक गोष्ट होती. दोनेक वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्यासाठी, हे कव्हर उघडलं होतं. बिलात मजुरी होती, पॅकिंगचा उल्लेख नव्हता. म्हणजे जुनंच पॅकिंग परत बसवलं होतं. वहिनींनी सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवली होती म्हणून हे कळलं.

तक्रार काय होती

पहिली खूण वासाची. घाट चढून दाजीपूरला चहाला थांबलं की बोनेटमधून जळकट तेलाचा वास यायचा. शहरात तो जाणवायचा नाही, फार तर एखाद्या सिग्नलला. नंतर दारातल्या शेडमध्ये फरशीवर काळे थेंब दिसायला लागले. डिपस्टिकवरची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मधे खालच्या खुणेकडे सरकू लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेईना. सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन थरथरायचं, पिकअप घ्यायचं नाही, आणि चेक इंजिनचा दिवा लागायचा.

जवळच्या गॅरेजने गाडी रॅम्पवर घेतली, खालून पाहिलं आणि सांगितलं की क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या. अंदाज अकरा-बारा हजारांचा. मिसिंगसाठी एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलावी लागेल, तिचा खर्च वेगळा.

हे निदान आळसातून आलेलं होतं असं मी म्हणणार नाही. खालून पाहिलं तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून, क्लच हाऊसिंगच्या तळाशी, ऑइल ठिबकत होतं. मागचं सील गळतं तेव्हा नेमकं तिथूनच ठिबकतं. पण तिथे ठिबकणारं प्रत्येक ऑइल त्या सीलचंच असतं असं नाही. वहिनींना पटत नव्हतं ते एका साध्या कारणासाठी. ‘सील खाली आहे, मग वास वर का येतो?’ हा त्यांचा प्रश्न. पैसे भरण्याआधी त्यांनी भाऊजींना आणि भाऊजींनी मला विचारलं.

पहिला निर्णय: उघडण्याआधी शोधायचं

ऑइल खाली वाहतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून गळतीचा उगम शोधताना सर्वांत जास्त ओली जागा पाहून उपयोग नाही, सर्वांत वरची ओली जागा सापडायला हवी. अकरा वर्षांचा तेलकट थर बसलेल्या इंजिनवर ती सापडत नाही. आधी इंजिन पुसून कोरडं करावं लागतं.

त्यांनी थंड इंजिनवर डिग्रीझर मारून ब्रशने आणि चिंध्यांनी मागची बाजू साफ केली. पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही एवढं मी बजावलं होतं, कारण कॉइल, कनेक्टर आणि अल्टरनेटरमध्ये पाणी शिरलं तर एका दुखण्याची तीन होतात. रॉकेल आणि पेट्रोलही नको म्हटलं. आपल्याकडे इंजिन पुसायला सर्रास पेट्रोल वापरतात, आणि मॅनिफोल्डच्या शेजारी ते किती धोक्याचं आहे हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

पूर्ण कोरडं झाल्यावर कव्हरच्या कडेखाली टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवला. मग इंजिन चालू करून पंखा लागेपर्यंत आयडलवर ठेवलं, बंद केलं, थोडं निवू दिलं आणि मोबाइलचा कॅमेरा इंजिनच्या मागे घालून व्हिडिओ काढला. त्या फटीत डोकं जात नाही, मोबाइल जातो. दुकानात यासाठी ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग आणि निळा टॉर्च मिळतो, पण इथे पावडरीने भागलं.

व्हिडिओत कव्हरच्या मागच्या कडेला, क्लचकडच्या कोपऱ्यात, पावडर काळी पडलेली स्पष्ट दिसली. तिथून ओघळ हेडच्या पाठीवरून मॅनिफोल्डच्या पत्र्यावर, पत्र्यावरून गिअरबॉक्सच्या माथ्यावर आणि हाऊसिंगला वळसा घालून तळाशी गेला होता. सील गळत असतं तर ऑइल हाऊसिंगच्या आतून खाली आलं असतं आणि हाऊसिंगचा माथा कोरडा राहिला असता. इथे माथाच ओला होता. मॅनिफोल्डवर पडणाऱ्या थेंबांमुळे वास वर का येतो हेही उलगडलं.

मग भाऊजींनी प्लगच्या विहिरींतून कॉइल उपसल्या. चारपैकी दोन विहिरींत ऑइल साचलेलं होतं आणि एका कॉइलचं रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं. म्हणजे मिसिंगचं मूळही त्याच पॅकिंगच्या संचात होतं: विहिरीभोवतीच्या रिंगा गळत होत्या. गॅरेजने ज्या दोन तक्रारींसाठी दोन वेगळे खर्च सांगितले होते, त्या एकाच झाकणाखालून निघाल्या होत्या.

एक चाचणी उरली होती. आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा धरला. इंजिन निरोगी असेल तर तो हलकासा आत ओढला जातो. इथे तो वर उचलला जात होता. इंजिनच्या पोटातला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला असणार. चार किलोमीटरच्या प्रवासात इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ आणि तेलाचा चिकटा तिथे साचत जातो. पोटात दाब राहिला तर तो नव्या पॅकिंगलाही कुठून ना कुठून बाहेर ढकलतोच. अनेक घरगुती दुरुस्त्या वर्षभरात परत गळायला लागतात त्याचं एक कारण हे आहे, आणि ते तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

समोर असलेले पर्याय

काहीच न करता ऑइल टाकत राहायचं, हा पर्याय वहिनींच्या यजमानांनी सुचवला होता. नुसता कव्हरच्या पुढच्या कडेला ओलावा असता तर मीही काही महिने थांबा म्हटलं असतं. पण ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत होतं, आणि घाटात मॅनिफोल्ड किती तापतो ते पाहता तिथे आगीचा धोका खरा आहे. शिवाय प्लगच्या विहिरीत ऑइल असलेली गाडी चालवत राहिली की कॉइल जाते आणि सतत मिसिंग झालं तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. त्याची किंमत या सगळ्या खर्चाच्या कितीतरी पट.

बाहेरून सिलिकॉनचा पट्टा ओढायचा, हा दुसरा. तेलकट धातूवर सिलिकॉन धरत नाही. आठवड्याभरात सुटतं आणि पुढच्या दुरुस्तीचं काम वाढवतं.

बोल्ट आणखी आवळायचे, हा भाऊजींचा पहिला विचार. कडक झालेलं रबर जास्त दाबल्याने नरम होत नाही. उलट सहा मिलिमीटरचे बोल्ट अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात, त्यांचे आटे सहज मरतात.

दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त पॅकिंग बदलून घ्यायचं, हा पर्याय चांगला होता आणि अजूनही बहुतेकांना मी तोच सांगतो. सामानासकट दोन-अडीच हजारांत काम झालं असतं. घरी करून फार पैसे वाचणार नव्हते. मोठी बचत निदानातच झाली होती.

तरीही त्यांनी घरी करायचं ठरवलं, ते मागच्या अनुभवामुळे. कव्हर उघडून जुनंच पॅकिंग बसवलं गेलं आणि दोन वर्षं कोणाला कळलं नाही, हे वहिनींना बोचत होतं. काम डोळ्यांसमोर व्हावं, प्रत्येक टप्प्यावर थांबता यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. मे महिन्याची सुट्टी होती, पाऊस लागायला अवकाश होता, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तरी अडणार नव्हतं. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. सोमवारी सकाळी गाडी लागणारच आहे अशा माणसाने रविवारी इंजिन उघडू नये.

सामान आणि हत्यारं

पॅकिंग घेताना दुकानदाराने दोन पुड्या पुढे ठेवल्या. स्वस्त पुडीत फक्त बाहेरच्या कडेचं रबर होतं. महाग पुडीत कडेचं रबर, विहिरींच्या चार रिंगा आणि बोल्टांखालचे रबरी वॉशर असा पूर्ण संच होता. या गाडीच्या बाबतीत विचार करण्यासारखं काही नव्हतं: निम्मी तक्रार रिंगांची होती. संच नऊशेच्या आसपास, पीसीव्ही व्हॉल्व्ह साडेतीनशे, सेन्सरला अपाय न करणारं राखाडी सिलिकॉन, ब्रेक क्लीनरचे दोन डबे. एक सूचना: काही इंजिनांत विहिरीची नळी खाली हेडमध्येही एका ओ-रिंगवर (गोल रबरी रिंगवर) बसते आणि ऑइल तिथूनही येऊ शकतं. तसं असेल तर कव्हरचा संच बदलून विहीर कोरडी होणार नाही. या इंजिनात तशी रचना नव्हती, हे मॅन्युअलमधून आधी पाहून घेतलं.

हत्यारांत एकच अडचण आली. भाऊजींनी फाउंड्रीतून टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की ‘टक’ वाजणारा पाना) आणला होता, पण तो २० ते ११० न्यूटन मीटरचा. या कव्हरच्या बोल्टांना मॅन्युअलप्रमाणे १० न्यूटन मीटर लागतात. ‘वीसला टक होतो, मी निम्म्यावरच सोडतो,’ असं ते म्हणाले. निष्णात फिटरचा हात असं म्हणू शकतो. पण टॉर्क रेंच त्याच्या मापाच्या खाली काहीच सांगत नाही, टक होण्याआधी आटे हातात येतात. आयटीआयमधला ५ ते २५ चा छोटा रेंच मी दिला. या कामात एकच महागडं हत्यार उसनं आणायचं असेल तर ते हे.

काम

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. कॉइलच्या कनेक्टरची प्लास्टिकची खाच जुनी झाली की कडक होते, जोर लावला तर तुटते. भाऊजींनी ती छोट्या स्क्रूड्रायव्हरने उचलून सोडवली. कॉइल काढताना वहिनी प्रत्येकीवर पट्टी चिकटवून आकडा लिहीत होत्या आणि दर टप्प्याला फोटो काढत होत्या. विहिरींतलं ऑइल सिरिंजने ओढलं, उरलेलं कापडाने टिपलं, आणि मगच प्लग सैल केले. हा क्रम उलटा झाला तर सगळं ऑइल आणि त्यातली माती सिलिंडरमध्ये उतरते.

कव्हर हाताने सुटेना. कडेने सगळीकडे जुनं काळं सिलिकॉन लावलेलं होतं, जिथे फक्त कोरडं रबर हवं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह इथे प्रत्येकाला होतो, आणि अॅल्युमिनियमच्या फेसवर, म्हणजे पॅकिंग टेकतं त्या सपाट कडेवर, पडलेला एक खोल ओरखडा पुढे कायमचा गळतो. लाकडी ठोकळा लावून रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके दिले, तेव्हा ते सुटलं.

कव्हर निघालं की सर्वांत आधी कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनचं उघडं तोंड आणि हेडमधली ऑइल परत जायची भोकं स्वच्छ कापडाने बुजवायची. या टप्प्यावर वहिनींनी एक नियम केला: आत घातलेल्या प्रत्येक कापडाची नोंद वहीत, आणि बाहेर काढताना तीच नोंद खोडायची. मी आता हा नियम वर्गात शिकवतो. चेनमध्ये पडलेला एक वॉशर किंवा विसरलेली चिंधी सगळं इंजिन घालवू शकते.

जुनं सिलिकॉन काढायला दिवसाचा मोठा भाग गेला. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, निघालेला तुकडा लगेच उचलायचा, पुढे सरकायचं. धातूचं पातं किंवा ड्रिलला लावायची घासणारी चकती वापरली नाही. सिलिकॉनचे हे तुकडे ऑइलबरोबर खाली जाऊन पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. पॅकिंग बदलणारा बहुतेक वेळ नवीन रबर बसवण्यात घालवतो असं वाटतं, पण कामाचा जीव या खरवडण्यात आहे. फेस कोरडा, गुळगुळीत आणि तेलाचा अंशही नसलेला मिळेपर्यंत नवीन पुडी फोडायचीच नाही.

अनपेक्षित अडचण: मेलेले आटे

मागच्या कोपऱ्यातला बोल्ट काढताना भाऊजींना तो आधीपासूनच सैल लागला होता. आता भोकात पाहिलं तर अॅल्युमिनियमचे आटे ओढून निघाले होते आणि त्यात सिलिकॉन भरलेलं होतं. नेमका तोच कोपरा, जिथे पावडर काळी पडली होती. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बोल्ट जास्त आवळला, आटे गेले, आणि गळू नये म्हणून सगळीकडे सिलिकॉन फासलं, असा माझा तर्क आहे. नवं पॅकिंग तसंच बसवलं असतं तरी या कोपऱ्यात दाब आला नसता आणि गळती राहिली असती.

इथे दोघांत खरा मतभेद झाला. भाऊजींचं म्हणणं, ‘वहिनी, भोक खोल आहे, खाली आटे शाबूत आहेत. दहा मिलिमीटर जास्त लांबीचा बोल्ट टाकतो, पाच मिनिटांचं काम.’ एरवी हा उपाय मी स्वतः सांगितला असता. पण या कव्हरचे बोल्ट खांदा असलेले होते. बोल्टाचा खांदा हेडला टेकला की तो थांबतो, त्यामुळे रबर ठरलेल्या मापापुरतंच दाबलं जातं. साध्या लांब बोल्टाला खांदा नसतो, तो त्या एका कोपऱ्यात रबर चिरडत राहतो. वहिनींनी काढलेला जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी ठेवून मला फोटो पाठवला आणि विचारलं, ‘सर, हा फरक चालेल का?’ नाही चालणार, असं मी कळवलं.

दुसरा पर्याय हेलिकॉइलचा: खराब भोक मोठं करून त्यात स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवायचे, म्हणजे मूळ बोल्ट परत लागतो. भाऊजींना हे काम येतं, पण ते फाउंड्रीतल्या टेबलावर, उघड्या इंजिनवर नव्हे. खाली कॅमशाफ्ट, शेजारी चेन, आणि ड्रिलमधून उडणारा अॅल्युमिनियमचा कीस. ते स्वतः म्हणाले, ‘इथं माझा हात नको.’ मला त्यांचा हा निर्णय या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कव्हर नुसतं वर ठेवून, कापडाने झाकून गाडी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगर या वर्कशॉपांच्या भागातले एक मिस्त्री किट घेऊन घरी आले. त्यांनी आजूबाजूचं सगळं कापडाने आणि चिकटपट्टीने झाकलं, ६.३ मिलिमीटरच्या ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरलं म्हणजे कीस त्याला चिकटून येईल, आणि सावकाश, मधे मधे पुसत भोक पाडलं. भोक सरळ राहावं म्हणून कव्हरचंच भोक मार्गदर्शक धरलं नाही, वेगळा ठोकळा वापरला. आटे पाडायचा टॅप हाताने फिरवला. तार फेसच्या किंचित खाली बसवली. तारेच्या टोकाला आडवी शेपटी असते, ती बसवल्यानंतर मोडून काढायची असते. मिस्त्रींनी ती चिमट्याने बाहेर काढून वहिनींच्या हातावर ठेवली. वहीत तिचीही नोंद झाली.

जाण्याआधी त्यांनी कव्हर उलटं करून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिला. कव्हर वाकलेलं नव्हतं. हे त्यांनी न सांगता केलं. वाकलेल्या कव्हरवर कितीही चांगलं रबर घातलं तरी उपयोग होत नाही.

बसवणी

आटे झाल्यावरचं काम दोन तासांत आटोपलं. विहिरींच्या रिंगा आणि कडेचं रबर कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवलं. सिलिकॉन फक्त दोन ठिकाणी, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा जोड येतो तिथे, हरभऱ्याएवढा ठिपका. ट्यूबवर लिहिलेल्या मिनिटांत कव्हर सरळ वरून खाली ठेवलं, सरकवलं नाही, कारण सरकवताना रबर खाचेतून निसटतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आधी हाताने, मग निम्म्या टॉर्कवर, मग १० वर. दुरुस्त केलेल्या बोल्टाला टक झाला तेव्हा भाऊजींनी मला फोन केला.

पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाकला. जुना हलवून पाहिला तर आतली गोळी वाजत नव्हती. कॉइल पुसून आपापल्या जागी, फुगलेलं एक रबर बदललं. सिलिकॉन मुरावं म्हणून गाडी रात्रभर तशीच ठेवली.

ऑइल बदलणं आधीच थकलं होतं. भाऊजींना ते सुरुवातीला उरकायचं होतं. मी शेवटी करायला सांगितलं, कारण काम करताना आत जे काही बारीकसारीक पडलं असेल त्यातलं काही तरी जुन्या ऑइलबरोबर निघून जाईल. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात भरून, ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला दिलं.

परिणाम

पहिल्या स्टार्टला मिसिंग गेलेलं होतं. चेक इंजिनचा दिवा थोड्या दिवसांनी आपोआप गेला. प्लास्टिकचा तुकडा झाकणाच्या तोंडावर धरला तर आता हलका आत ओढला जात होता.

वास मात्र लगेच गेला नाही आणि वहिनी घाबरल्या. मॅनिफोल्डच्या पत्र्याच्या आत जुनं ऑइल मुरलेलं असतं, ते जळून संपायला वेळ लागतो. नवीन ओघळ आहे का हे पावडर टाकून पुन्हा पाहिलं: नव्हता. कणकवलीची एक फेरी झाल्यावर वास थांबला.

पावसाळ्यात पुन्हा एक ओलसर डाग दिसला, कव्हरच्या कडेला नाही तर कॅमशाफ्टच्या सेन्सरच्या बुडाशी. तिथली छोटी ओ-रिंग कडक झाली होती. ती बदलली आणि क्लच हाऊसिंग कोरडं राहिलं. मागच्या सीलला कोणी हात लावला नाही.

एकूण खर्च, मिस्त्रींचे पैसे धरून, अडीच हजारांच्या आत. म्हणजे चांगल्या गॅरेजमध्ये लागला असता तेवढाच.

पुन्हा करायचं तर

बोल्टांची तपासणी उघडण्याच्या आधल्या दिवशी करायला हवी होती. प्रत्येक बोल्टाला पाना लावून हलकंसं आवळून पाहिलं की कोणता नुसताच फिरतो ते कळतं. हेलिकॉइलची सोय आधीच झाली असती आणि इंजिन रात्रभर उघडं राहिलं नसतं. मे महिन्यातही कोल्हापुरात वळवाचा पाऊस येतो, आणि शेडला एका बाजूला भिंत नव्हती.

सेन्सरची ओ-रिंग त्याच वेळी बदलायची होती. कव्हर निघालेलं असताना ती हाताशी होती आणि किंमत नगण्य. अकरा वर्षांच्या इंजिनात एक रबर कडक झालं असेल तर शेजारचं नरम राहील असं धरून चालू नये.

माझ्या दृष्टीने अजून एक प्रश्न खुला आहे, आणि विद्यार्थ्यांशी मी त्यावर वाद घालतो. आटे मेलेले दिसल्यावर काम तिथेच थांबवून, कव्हर जुन्याच पॅकिंगवर तात्पुरतं बसवून, गाडी उद्यमनगरात नेऊन पुढचं सगळं तिथेच करून घ्यावं का? मिस्त्री घरी यायला तयार झाले म्हणून निभावलं. ते आले नसते तर दुसरा मार्ग तोच होता, आणि त्यासाठी काढलेलं जुनं पॅकिंग फेकून न देता काम पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावं लागतं. वहिनींनी ते जपून ठेवलं होतं, कोणी न सांगता.